गृहिणीचं पुल्लिंग काय हो?

बायको हिंजवडीत, थोरला शाळेत, धाकटी कडेवर आणि बाबा... घरी! गेले दहा महिने ‘फुल टाइम बाबा’ असलेल्या एका पुणेकराची ही धमाल आणि थोडी दमछाकही.

शाळेत ‘लिंग बदला’ हा माझा जाम आवडता प्रश्न. हमखास मार्क देणारा! लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका, वाघ-वाघीण, विधुर-विधवा... सगळं तोंडपाठ. पण ‘गृहिणी’चं पुल्लिंग काय, हे कुठल्याच बाईंनी कधी विचारलं नाही. आता तुम्ही म्हणाल, सोप्पंय की, ‘गृहस्थ’! तर बॉस, तिथंच तर सगळी गोची आहे. गृहिणी म्हणजे घर सांभाळणारी बाई. आणि गृहस्थ म्हणजे? बसमध्ये खिडकी अडवून बसलेला, बऱ्यापैकी कपड्यातला कुणीही अनोळखी माणूस. ‘एक गृहस्थ आले होते, तुमची चौकशी करत होते.’ या गृहस्थाचा घराशी संबंध असलाच तर एवढाच, की लाइट बिल त्याच्या नावावर येतं.

हा व्याकरणाचा किडा डोक्यात शिरला तो एका बँकेत. केवायसीचा फॉर्म. व्यवसायाच्या रकान्यात पर्याय होते : नोकरी, धंदा, शेती, विद्यार्थी, निवृत्त, गृहिणी, इतर. धाकटी माझ्या कडेवर बसून बँकेचं पेन चघळत होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “सर, काय करता?”

“घरी असतो.”

“म्हणजे वर्क फ्रॉम होम?”

“नाही, नुसतंच होम.”

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा धाकटीकडे बघितलं आणि ‘इतर’वर टिक केली. तर मंडळी, मी ‘इतर’ आहे. भेटून आनंद झाला!

छब्बीस विरुद्ध झीरो

आधी थोडा फ्लॅशबॅक. आम्ही दोघंही आयटीवाले. ती प्रोजेक्ट सांभाळते, मी टेस्टिंगमध्ये होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घ्यायचो. (लग्नानंतर हा अनुभव कामाला येतो असं वाटत असेल, तर अजिबात वापरू नका. फुकटचा सल्ला.) थोरला झाला तेव्हा बायको वर्षभर घरी बसली. रजा संपल्यावर बिनपगारी, मग राजीनामा, मग नवी नोकरी पहिल्यापेक्षा एक पायरी खाली. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. खरं सांगायचं तर आमच्या दोन्ही घरांत त्यावर साधी चर्चासुद्धा झाली नव्हती.

धाकटीच्या वेळी कायद्याप्रमाणे तिला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीआधी ही रजा १२ आठवड्यांची होती. त्याच दुरुस्तीनं ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोयही बंधनकारक केली. आणि बाबांना? केंद्र सरकारी नोकरीत असाल तर १५ दिवस. खासगीत असाल तर कायद्यानं भोपळा! कंपनीनं मोठ्या मनानं दिली तर तुमचं नशीब. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. १५ दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत. त्याचा कायदा काही झाला नाही. तिकडे स्वीडननं १९७४ सालीच आई आणि बाप दोघांना वाटून घेता येईल अशी रजा सुरू केली. आज तिथं एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस एकट्या बापासाठी राखीव. घेतले नाहीत तर गेले!

आमच्याकडे ४८० दिवस नव्हते, एक रविवार होता. त्या रविवारी डायनिंग टेबलावर आम्ही हिशेब मांडला. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त. तिचं प्रमोशन दारात उभं. पाळणाघर, वरकामाच्या मावशी आणि दोन गाड्यांचं पेट्रोल वजा केलं की माझ्या पगारातून जे उरत होतं, त्यात फार तर महिन्याची दोन हॉटेलं झाली असती. “मग एकानं थांबायचं तर कोणी?” तिनं विचारलं. एक्सेल शीट मराठीत बोलत नाही, पण त्या दिवशी अगदी स्पष्ट बोलली. धाकटी दोन वर्षांची होईपर्यंत मी. डील!

आई कुठाय?

माझा दिवस सहा वाजता सुरू होतो. थोरल्याचा डबा, बायकोचा डबा, पाण्याच्या बाटल्या, एका पायातला मोजा शोधणे. आठला दोघं बाहेर पडतात आणि मी आणि धाकटी समोरासमोर येतो. मॅच सुरू! पेज सांडणे, अंघोळ, बादलीतून बाहेर यायला नकार, दुपटं, झोप. ती झोपली की कपडे, भांडी, कुकर. ती उठली की मेतकूट-भात-तूप. तिचा नियम साधा आहे : पहिले चार घास तोंडात, पुढचे चार केसांत, उरलेले माझ्या टी-शर्टवर. साडेबाराला थोरल्याची व्हॅन. मग दोघांची भांडणं, आणि कोर्टात न्यायाधीशही मीच, बेलीफही मीच.

हे सगळं जमतं हो. जे जमत नाही ते वेगळंच. दारावरची बेल वाजते. भाजीवाले काका, कुरिअरवाला पोरगा, शेजारच्या काकू... समोर मी, माझ्या हातात लाटणं, कडेवर पोर. तरीही पहिला प्रश्न, “घरात कुणी नाहीये का?” अहो, मी आहे ना! साडेपाच फूट, बहात्तर किलो!

लसीकरणाला गेलो तेव्हा फाइल माझ्याकडे, तारखा मला पाठ, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आहे हेही मीच सांगितलं. पण सिस्टरबाईंनी ताप आला तर काय करायचं हे सगळं समजावलं ते कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेल्या माझ्या सासूबाईंना. सासूबाई बिचाऱ्या सोबत म्हणून आल्या होत्या. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, “हो का? बरं, मग त्यांनाही सांगा.”

आणि एका मॉलमधला तो प्रसंग. धाकटीनं ऐन फूड कोर्टात दगा दिला. मी बॅग उचलून जेंट्स टॉयलेटमध्ये धावलो, तर तिथं हात वाळवायची दोन मशीन, परफ्यूमचा फवारा, गुळगुळीत आरसे... पण बाळाला आडवं करायला वीतभर जागा नाही. ती फळी कुठे? तर लेडीजमध्ये. गोंडस चित्रासहित! शेवटी तिथल्या सफाईच्या मावशींना दया आली. त्यांनी आत कुणी नाही ना ते बघितलं, मला आत घातलं आणि झाडू आडवा धरून दारात उभ्या राहिल्या. बाहेरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, “दोन मिनिटं थांबा ताई, आत एक बाबा आहेत.” आयुष्यात इतक्या सन्मानानं माझी ओळख कुणी करून दिली नव्हती.

बरं, सरकार दरबारी मात्र उलटी गंमत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. त्यामुळे धाकटीच्या नावात तिची आई माझ्या आधी येते आणि थोरल्याच्या नावात मी एकटाच आहे. थोरल्याला हे कळल्यापासून तो भांडतोय, “माझ्यात आई का नाही?” मुद्दा बिनतोड आहे. उत्तर अजून शोधतोय.

टाळ्या कुणाला?

संध्याकाळी साडेपाचला सोसायटीच्या बागेत जातो. सुरुवातीला मी घसरगुंडीपाशी पोचलो की आया गप्प व्हायच्या. तीन आठवडे मी एकटा झोपाळा ढकलत होतो. मग एके दिवशी एकीच्या पोराच्या गुडघ्याला खरचटलं आणि माझ्या बॅगेतून कापूस, मलम, पट्टी आणि वर एक राजगिरा लाडू असं सगळं निघालं. बास! त्याच रात्री मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्यायचं का यावर म्हणे पोल झाला. अकरा विरुद्ध चार अशा मतांनी मी निवडून आलो. ग्रुपचं नाव अजून ‘सुपर मॉम्स’च आहे. माझी तक्रार नाही. कुठला डॉक्टर रविवारी फोन उचलतो, कुठल्या मावशी खरंच येतात, हे ज्ञान तिथंच मिळतं. माझ्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर अजून फक्त कारचं मायलेज चालू असतं.

पण याच बागेत मला सगळ्यात जास्त छळलं ते कौतुकानं. “किती करता हो तुम्ही!” “बायको नशीबवान हं!” “आमच्या ह्यांना शिकवा जरा!” मी नुसतं पोरीचं नाक पुसलं तरी लोकांचे डोळे भरून येतात राव. याच बागेत, याच झोपाळ्यापाशी पाच वर्षांपूर्वी माझी बायको थोरल्याला घेऊन रोज यायची, नोकरी सोडून. तिच्यासाठी कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. उलट, “आता मोकळाच वेळ असेल ना तुला?” असं एक काकू तिला विचारायच्या. त्याच काकू परवा मला म्हणाल्या, “बाई गं, दमत असाल!”

केंद्र सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे सांगतो, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष? ८८ मिनिटं. आणि ही ८८ सगळ्या पुरुषांची नाहीत हं, जे घरकामाला हात लावतात त्यांचीच! २०१९ च्या सर्व्हेत असे पुरुष शंभरात जेमतेम २६ होते. उरलेले बहुधा गृहस्थ असावेत.

मित्रांचं वेगळंच. “काय मग, बायकी कामं जमायला लागली का?” वगैरे. त्यांच्यासाठी एक मसालेदार बातमी. फिलिपिन्समधल्या सेबूत ६२४ तरुणांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये आला होता. बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ पोरांचं करणाऱ्या बापांत ते आणखी कमी आढळतं, असं त्यात दिसलं. म्हणजे निसर्गानंच बापाला पोरं सांभाळायच्या मोडवर टाकायची सोय केलेली दिसते! हे ऐकून आमच्या कट्ट्यावर दोघांनी चहा अर्धवट टाकला. मिशी शाबूत आहे मित्रांनो, काळजी नसावी.

चिमणा कुठाय?

‘श्यामची आई’ सगळ्या महाराष्ट्राला पाठ. श्यामच्या बाबांवर वेगळं पुस्तक कुणी लिहिलं नाही. पण थोरल्यानं माझी खरी विकेट काढली ती चिऊ-काऊच्या गोष्टीत. काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो भिजत चिऊच्या दारात येतो, आणि चिऊ आतून एकामागून एक कारणं सांगते. बाळाची अंघोळ, बाळाची पावडर, बाळाची झोप... ही गोष्ट मी माझ्या आजीकडून ऐकली, तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलीच असेल. थोरला एकदम उठून बसला. “बाबा, चिमणा कुठाय?”

“असेल ऑफिसला.”

“मग तो घरी का नाही राहात, तुझ्यासारखा?”

पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट चालू आहे, आणि हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. त्या रात्रीपासून आमच्याकडे नवीन व्हर्जन रिलीज झालंय. चिमणी मीटिंगमध्ये आहे, चिमणा बाळाला पावडर लावतोय. काऊचं भिजणं मात्र तसंच आहे, त्यावर तडजोड नाही.

रात्री दोनचा फोन... नव्हे, हाक

इथपर्यंत सगळं हसत-खेळत. आता जरा अवघड.

मे महिन्यात एका रात्री दोनला धाकटी रडत उठली. बायको धावली, उचललं, थोपटलं. पोरगी तिच्या कडेवरून माझ्याकडे झेपावली. “बा... बा...” बायकोनं तिला माझ्याकडे दिलं, “झोपव” म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं मी बाहेर गेलो तर डोळे पुसत होती. “प्रमोशनचा मेल आज आला,” ती म्हणाली, “तुला सांगायचं राहिलंच.” धाकटीचं पहिलं पाऊल तिनं व्हिडिओवर पाहिलं होतं, कॅन्टीनच्या रांगेत. थोरल्याच्या वेळी ते मी ऑफिसमध्ये पाहिलं होतं आणि ‘सो क्यूट’ असं टाइप करून पुन्हा कामाला लागलो होतो. तिला तसं लागता आलं नाही. कारण बापानं पाऊल चुकवलं तर बिचारा कामात असतो. आईनं चुकवलं तर सगळे विचारतात, आणि सगळ्यात आधी ती स्वतःला विचारते.

पैशांचंही तसंच. आमचं खातं जॉइंट आहे, कार्ड माझ्या पाकिटात आहे, तिनं कधी एका रुपयाचा हिशेब मागितला नाही. तरी स्वतःसाठी चपला घेताना माझा हात थबकतो. दुकानात ठरवतो, पुढच्या महिन्यात बघू. माझी आई आयुष्यभर साडीच्या दुकानात हेच म्हणायची.

आणि अण्णा. माझे वडील. साताऱ्याला असतात, एसटीतून रिटायर झाले. मी नोकरी सोडली हे ऐकून काही बोलले नाहीत. पण नातेवाइकांत मी अजूनही ‘वर्क फ्रॉम होम’ आहे. चुलतभावाच्या लग्नात त्यांनी तिघांना तसं सांगितलेलं मी ऐकलं. तिसऱ्या वेळी धाकटी माझ्या खांद्यावर ओकली आणि मी खिशातलं फडकं काढून एका हातानं तिला, एका हातानं मला पुसलं. अण्णा बघत राहिले. मग त्या पाहुण्यांना म्हणाले, “फार लोड असतो त्याला.” खोटं काही नव्हतं त्यात!

गॅप का आहे?

गेल्या आठवड्यात एका कंपनीतून फोन आला. एचआरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, दहा महिन्यांची गॅप दिसतेय. हेल्थ इश्यू होता का?”

“नाही. मुलं सांभाळतोय.”

“ओह. मॅडमना बरं नाहीये का?”

“मॅडमना प्रमोशन मिळालंय.”

पलीकडे शांतता. की-बोर्डची टकटक. “सर, मी ‘पर्सनल रीझन्स’ असं लिहू का? इथं दुसरा ऑप्शन नाहीये.”

पुन्हा ‘इतर’!

तरी पुढच्या फेरीला बोलावलंय. बुधवारी दुपारी तीनला, खराडीत. रात्री बायकोनं विचारलं, “तुला जायचंय का?” जायचंय. स्वतःच्या पैशाच्या चपला घ्यायच्यात, कुणाशी तरी सलग दहा मिनिटं पूर्ण वाक्यांत बोलायचंय. आणि नाहीही जायचं. दुपारी धाकटी झोपताना माझा कान धरते, अगदी गच्च. तिची पकड सुटली की कळतं, आता झोपली. हे पाळणाघराच्या फॉर्ममध्ये कुठं लिहू?

बुधवारी बायकोनं हाफ डे टाकलाय. साडेबारापासून रात्रीपर्यंत दोन्ही पोरांबरोबर ती एकटी, दहा महिन्यांत पहिल्यांदा. प्रोजेक्टमध्ये वीस माणसं चालवणारी ही बाई जाम टेन्शनमध्ये आहे. “मला सगळं लिहून दे,” म्हणाली. लिहितोय. आत्ता दुसऱ्या पानावर आहे. भात किती मऊ, निळी वाटी कुणाची, कान कुठला धरते (डावा). आणि अधोरेखित करून एक सूचना : काऊ दारात आला की आतून चिमणीनं नाही, चिमण्यानं उत्तर द्यायचं. आवाज जाड काढायचा. नाहीतर थोरला गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतो.